न धुतलेले हात

चाऱ्याची ओरड होती त्या वर्षी आम्ही मूर्तिजापूरकडचे शेतकरी गाडी करून चांदूर बाजारजवळचा एक गोठा पाहायला गेलो. गुरं चारण्याबद्दल आपलं सांगायचं, दुसऱ्याचं ऐकायचं, एवढाच बेत. माझ्या शेजारी जो म्हातारा कोंबला गेला, त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. विचारणार तरी कधी? तो रस्ताभर बोलतच होता.

गोठ्यावर तर त्याला चेवच चढला. मालकाला म्हणाला, "भाऊ, इतक्या सकाळी ढोरं काहून सोडता? गवतावरचं दहिवर वाळू द्या, नाई तं पोट फुगते." माणसांशी असा रोखठोक, पण गायींना मात्र, "सरक वो माय, सरक." एका कालवडीनं त्याची अख्खी बाही चाटून ओली केली, तरी गडी हात मागे घेईना.

निघताना सगळे नळावर गेले. मी साबण पुढे केला, तर त्यानं लहान मुलासारखे दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"तुमच्याकडं किती ढोरं हायेत?" मी विचारलं.

"एकबी नाई. यंदा चाराच नव्हता, सारे इकून टाकले."

"मंग इतक्या दूर काहून आले?"

"बुढीनं धाडलं," तो हसला. "गोठा रिकामा झाला तवापासून तिले करमत नाई. म्हने, जाऊन या, पन हात नोका धुवू."

परतताना चहाला थांबलो. तो कपाला हात लावेना, वास जाईल म्हणून. शेवटी बशी मीच त्याच्या तोंडाशी धरली. फुर्र करून तो चहा प्यायला आणि पुन्हा बोलायला लागला.