मऊ पाटे

तो आमच्या चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या इमारतीतला शेजारी, तंजावरकडचा मराठी. ओरगडमच्या मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्याने मागेही सीट असलेला जुना पिकअप घेतला. रोज सकाळी दोन्ही तळव्यांनी तो त्याचा मागचा भाग दाबायचा आणि गाडी कशी वर येते ते मान तिरकी करून बघायचा.

रविवारी आम्ही म्हातारे दोन-तीन गाड्या घेऊन तळ्याकाठच्या कच्च्या वाटांवर जायचो. माझी बायको हौसेने त्याच्या गाडीतून यायची, पण तिची पाठ दुखरी. त्याच्या गाडीचे मागचे स्प्रिंगचे पाटे बदलायचे होते, तेव्हा मेकॅनिकने ओझ्यासाठी कडक सुचवले. याने कडक आणि मऊ, दोन्ही बसवून पाहिले. दर वेळी "भाजीला सोडतो, वैनी," म्हणत हिला मागे बसवलं आणि गतिरोधकांवर आरशात तिचा चेहरा बघितला. शेवटी मऊच ठेवले.

मला हळूच म्हणाला, "सामान कमी नेऊ, पा. वैनींची पाठ घरी ठेवून येता येते काय? त्यांना सांगू नको. यायच्या बंद होतील."

पुढे खड्ड्यात त्याचीच गाडी बूड टेकायची. मंडळी विचारायची, "कारखान्यात नुसतं कॅन्टीन बघितलंस काय रे?" तो "सरि, सरि" म्हणत, होला हो करत फावडं काढायचा. मीही त्यांच्याबरोबर हसायचो.

ही गेली त्याला वर्ष झालं. गेल्या रविवारी कुणीतरी पुन्हा तेच विचारलं, तेव्हा मी सगळ्यांना खरं कारण सांगितलं. कुणी हसलं नाही.

परतताना मी त्याला म्हणालो, "आता तरी कडक पाटे टाक."

त्याने आरशात मागच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं.

"नको, पा. वैनींना कळेल."