उशिराची चित्रं

सीटी स्कॅनच्या खोलीत बावीस वर्षं काढलेल्या तंत्रज्ञ बाईंना सगळे तोंडावर 'ताई' म्हणत आणि पाठीमागे 'तिखट ताई'. दोन्ही त्यांना माहीत होतं.

त्या सकाळी एक बसचालक बायकोला घेऊन आला. आठ दिवसांपूर्वी पाठदुखीसाठी ताईंनीच त्याचा स्कॅन केला होता. मोठ्या डॉक्टरांनी अहवालात लिहिलं होतं: मणक्याच्या डावीकडे गाठ, सुईने तुकडा काढून तपासावा. बायकोचे डोळे रडून सुजले होते.

सुईची तयारी करण्याआधी ताईंनी त्याची चित्रं पडद्यावर घेतली. एकेक काप सरकवता सरकवता त्यांचा हात थबकला. गाठ असती तर कुठेतरी संपली असती. ही संपतच नव्हती. खालून सरळ वर चढत डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला मिळत होती.

डॉक्टर हातमोजे चढवत आले. "सुईचा ट्रे कुठे आहे?"

"सर, ही गाठ नाही, शीर आहे. पोटातली मोठी शीर उजवीकडे एकच असते. यांना डावीकडेही आहे."

"ताई, चित्रं काढणं तुमचं काम. वाचणं माझं."

"मी काढलीत म्हणूनच सांगते. तुम्ही पहिलीच चित्रं बघितलीत. तेव्हा शिरा उजळवायला टोचलेलं औषध खालच्या शिरांत पोचलेलं नसतं. उशिराची बघा."

"बाहेर पेशंट खोळंबलेत."

"खोळंबू देत. मी सुई उघडणार नाही."

नर्सने नजर जमिनीला लावली. ताई ट्रेसमोरून हलल्या नाहीत. शेवटी डॉक्टर धुसफुसत खुर्चीत बसले. उशिराच्या चित्रांत दोन्ही शिरा सारख्याच उजळल्या होत्या. डॉक्टरांनी जुना अहवाल बाजूला सारला. मग स्वतःच नवा अहवाल टाइप केला: जन्मजात दुहेरी महाशीर, गाठ नाही.

"म्हणजे मला काय झालंय?" चालकाने विचारलं.

"गाठबिठ काही नाही. पोटात एक रस्ता जास्तीचा आहे. जन्मापासून चालू आहे," ताई म्हणाल्या. त्याची बायको भिंतीला टेकून मटकन खाली बसली.

दोन दिवसांनी ताईंना रुग्णालयाच्या कार्यालयाकडून नोटीस आली: वरिष्ठांशी उद्धट वर्तन, खुलासा करावा.

"माफी मागा आणि विषय मिटवा," नर्स म्हणाली.

ताईंनी खुलाशाला पहिलं आणि उशिराचं अशी दोन्ही चित्रं जोडली आणि खाली लिहिलं: 'रुग्णाच्या शिरेत सुई जाऊ दिली नाही. पुन्हा तसं दिसलं, तर पुन्हा अडवीन.'

त्यावर उत्तर आलं नाही. त्या वर्षीची बढती मात्र अडली. ताईंनी त्याविरुद्धही अर्ज ठोकला आणि पोच घेतल्याशिवाय कारकुनाच्या टेबलापासून हलल्या नाहीत.