रिकामं जातं

आज लेकीला आणि आईला घेऊन आदिलाबादजवळच्या आदिवासी संग्रहालयात गेले होते. तिथं मुलांना जातं फिरवून बघू देतात. लेक ते गरगर फिरवत होती, मी फोटो काढत होते.

आईनं लेकीचा हात धरला. "रिकामं जातं नाई फिरवत, बाई." आणि पिशवीतले मूठभर फुटाणे जात्यात टाकले!

लेकीनं विचारलं, "आजी, आपलं जातं कुठंय?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. "होतं वं माय. फुटलं."

फुटलं नव्हतं. ब्याण्णव साली मी दहावीत होते. इचोड्याच्या शाळेतल्या मैत्रिणी घरी येणार, त्यांच्यासमोर जात्याची लाज वाटते म्हणून मीच हट्टानं ते उकिरड्यावर टाकायला लावलं होतं.

मी परत फोटो काढायला लागले. खरं सांगा, तुम्ही लेकीला सांगितलं असतं?