पाच मोजणारे गृहस्थ

वसईत माझ्या खोक्यांच्या कारखान्याशेजारच्या गाळ्यात उमेळ्याचे एक गृहस्थ काम करतात. तिथे कृत्रिम मेण उत्प्रेरकावरून नेऊन त्याचं वंगणतेल बनवतात. ते तेल थंडीत गोठतं का, हे यांनी तपासायचं. गार केलेली नळी आडवी धरायची आणि पाच मोजायचे. तेवढ्यात तेल हललं, तर पास. सवय इतकी मुरलीय की टपरीवरचा चहासुद्धा ग्लास तिरका करून, पाच मोजून मगच पितात. तोवर माझा संपलेला असतो.

परवा बर्फाळ मुलखातलं गिऱ्हाईक आलं होतं. नळीतलं तेल छान हललं. त्या गाळ्याच्या मालकांनी पेढ्यांचा पुडा सोडला. मी आमंत्रणाशिवाय हजर होतोच.

तेवढ्यात हे गृहस्थ म्हणाले, "थांबा. तेलात धुकं दिसतंय."

"काचेवरचं पाणी असेल," मालक हसून म्हणाले.

यांनी रुमालाने काच पुसली, नळी उजेडाकडे धरली. "पानी नाय, साहेब. मेन हाय. अजून थंडी पडली, की गोठंल."

करार झालाच नाही. गिऱ्हाईक गेल्यावर मालक एवढंच म्हणाले, "तुमचा पगार याच करारातून निघणार होता."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अहो, एक दिवस डोळे मिटले असते तर?"

"मिटले असते, शेठ. पन तिथं बर्फात गाडी अडली, तर काच पुसायला मी जानार हाय का?"

ते आत गेले. मालकांसमोरचा पेढ्यांचा पुडा त्यांनी हळूच बाजूला सरकवला आणि दुसरी नळी गार करायला ठेवली.