रसाच्या ताटावर इन्सुलिन

मला पाहायला पाहुणे आले तेव्हा मे महिना होता. अकोल्याच्या उन्हात कूलर नुसता गरम वारा फेकत होता. आईनं रस-पोळीचा बेत केला होता.

शाळेत असतानाच मला टाइप वन मधुमेह झाला. तेव्हापासून जेवणाआधी इन्सुलिन घ्यावंच लागतं. मुलाला मी हे अमरावतीत, पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. "घरी मी सांगतो," असं तो म्हणाला होता. ताटं वाढली, मी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानं नजर चुकवली. म्हणजे सांगितलेलं नव्हतं.

आई आतून खुणावत होती, इकडे येऊन घे. मी उठलेच नाही. लपवून संसार सुरू करायचा तर तो कशाला करायचा? पर्समधून इन्सुलिनचा पेन काढला आणि ओढणीआड पोटाला टोचला.

मुलाच्या आईचा घास हातातच राहिला. "हे काय वं पोरी?"

"इन्सुलिन, काकू. मले शुगर हाये."

"एवढ्याशा वयात? काहून? गोड लय खात होती काय?"

"गोडानं नाई झाली." माझी पीएचडी नेमकी याच विषयात चालू होती, त्यामुळे बोलायला बळ आलं. "अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. त्या एकमेकींले निरोप धाडतात. ते निरोप म्हंजे बारीक प्रोटीनं, सायटोकाइन. माह्या अंगात इन्सुलिन बनवणाऱ्या आपल्याच पेशी त्यायले दुश्मन वाटल्या. निरोपावर निरोप गेले, अन् सगळ्या त्यायच्यावर तुटून पडल्या."

"पयला निरोप कोनं धाडला मंग?"

"तेच पक्कं समजलं नाई अजून. तेच शोधून राहिलो आमी."

काकूंनी हातातला घास ताटात ठेवला. मग त्या मुलाकडे वळल्या. "तुले माहीत होतं?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"मंग तोंडात काय कुरोड्या भरल्या होत्या? पोरगी पाहाय कशी हिमतीची हाये!"

सगळ्यात आधी बाबा हसले. मग सगळेच.

दिवाळीनंतर लग्न झालं. आम्ही आता अमरावतीत असतो; माझी पीएचडी अजून चालूच आहे. शेजारपाजारच्या बाया मला पाहून "सुनेचं गोड बंद करा" म्हणाल्या की सासूबाई चिडतात आणि त्यांना सायटोकाइन समजावत बसतात. सासूबाईंच्या तोंडी त्याचं 'सायकलकाइन' झालंय. मी दुरुस्त करणं सोडून दिलं.

परवा भाजी निवडताना त्यांनी विचारलं, "तो निरोप अडवता नाई येत काय?"

"लवकर समजलं तर काही औषधायनं आजार लांबवता येते, आई. थांबवता नाई येत अजून."

"मंग भाजी ठेव ते. कालेजात जाय," म्हणाल्या, आणि मेथीची जुडी माझ्या हातातून काढूनच घेतली.