दर सेकंदाला हलणारी यादी

पनवेलच्या ज्या ऑफिसात मी झाडू-पोछा करते, तिथे काचेच्या खोलीत चाळीस कॉम्प्युटर कपाटांत रचलेले आहेत. सगळ्यांच्या फाइली एकाच सामायिक साठ्यात राहतात. बाहेर बसून हवामानाची गणितं करणारी पोरं मला मावशी म्हणतात आणि उष्टे कप माझ्यासाठी टेबलावर सोडतात.

गेल्या वर्षी तो साठा इतका मंदावला की सगळे एकमेकांवर खेकसू लागले. मग कोणीतरी शोध लावला, मी खोली पुसायला गेले की त्रास सुरू होतो. मी दहाला जाते आणि हे लोकही दहालाच येतात, एवढं कोणाच्या डोक्यात आलं नाही. ऑफिसच्या मुख्य मॅडमनी माझ्या कंत्राटदाराला पत्र लिहिलं, ही बाई वायरींना हात लावते, दुसरी द्या. महिनाअखेर माझं काम जाणार होतं. या वयात मला दुसरीकडे कोण ठेवणार?

पुण्याहून इंजिनिअर आला. त्याने मोठ्या फाइलींचे तुकडे जास्त डिस्कवर पसरले. त्या झटकन उघडू लागल्या, पण फोल्डरात काय आहे त्याची यादी येता येईना. फाइल कुठे आहे हे सांगणारं मशीन एकच, त्याला कोणीतरी सारखं विचारतंय, असं तो म्हणाला. मॅडम म्हणाल्या, सगळे चहाला गेलेत, विचारणार कोण?

मी टेबलं पुसत होते. म्हटलं, "माणसं गेली, कॉम्प्युटरचे पडदे नाय गेले. सगळ्यांवर यादी दर सेकंदाला हलते, रोज बघते मी."

त्याने पडदे बघितले. आपलं काम संपलं का हे कळावं म्हणून प्रत्येकाने दर सेकंदाला यादी मागवणारी कमांड लावून ठेवली होती. एकेका फोल्डरात लाखो फाइली. त्याने सगळ्या कमांड बंद केल्या आणि यादी लगेच आली. काम संपलं की आपोआप निरोप येईल, अशी सोय त्याने करून दिली.

चहाहून आलेला एकजण हसून म्हणाला, "मावशी, आधी का नाही बोललात?"

"माझ्यावर आळ घेताना तुमी विचारलं होतं काय?"

मॅडम म्हणाल्या, कंत्राटदाराला फोन करते, विसरून जा. मी म्हटलं, पत्राने तक्रार केलीत, पत्रानेच मागे घ्या. त्यांच्यासमोरच्या खुर्चीत मी पहिल्यांदाच बसले. त्यांनी लिहिलं, गैरसमज झाला. मी ते खोडायला लावलं. मग त्यांनी 'तक्रार खोटी होती' असं लिहून सही केली.

मी चौथी शिकलेली. एकेक अक्षर लावत पत्र वाचलं. त्या घड्याळ बघत होत्या, म्हणून पुन्हा एकदा वाचलं.