आमच्या लॅबमधलं लाल

आमच्या लॅबच्या फ्रीजमध्ये नाव नसलेल्या ट्यूब्ज साठत जातात ना, तसेच किस्सेही साठतात. कोणी ठेवले आठवत नाही, पण फेकवतही नाहीत!

कर्वेनगरला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमची पाच जणांची लॅब आहे. आम्ही बॅक्टेरियाकडून माणसाचं हिमोग्लोबिन बनवून घेतो. तेही रोजचं नाही. बाळ पोटात असताना पहिले काही आठवडेच जे बनतं, ते. नंतर शरीर ते बंद करतं आणि दुसरं सुरू करतं. आमचा माल इतर लॅबना प्रयोगांसाठी जातो. प्रत्येक ट्यूबवर इंग्रजीत लेबल असतं: 'फक्त संशोधनासाठी. माणसांत वापरण्यासाठी नाही.' ही लेबलं आमचे लॅब अटेंडंट मेश्राम काका चिकटवतात. एकही तिरकं नसतं.

*

खालच्या मजल्यावरचे एक रिटायर्ड गृहस्थ एकदा वर आले.

"अहो, तुम्ही इथे रक्त बनवता म्हणे?"

"रक्त नाही हो, त्यातलं फक्त लाल."

"मग बाकीचं कोण बनवतं?"

"बाकीचं कोणीच नाही."

"म्हणजे अर्धवट काम!" म्हणाले आणि गेले खाली. अजून जिन्यात भेटले की विचारतात, "काय, झालं का पूर्ण?"

*

ऋतुजा नवी होती तेव्हाची गोष्ट. बॅक्टेरियाला लोह असलेलं एक द्रावण घालावं लागतं, त्याशिवाय लाल होत नाही. ही बया नेमकं तेच विसरली! ट्यूबच्या तळाशी पिवळट गोळा. आमच्या बॉस साठे मॅडमनी तो उजेडात धरून बघितला आणि शांतपणे म्हणाल्या, "वा! आम्रखंड छान जमलंय. वेलची राहिली."

ऋतुजा रडकुंडीला आली. मेश्राम काका तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "रडते काहून पोरी? उद्या होते लाल."

पुढच्या खेपेला खरंच झालं. तर ऋतुजा राहिली बाजूला, काकाच खोल्याखोल्यांतून सांगत सुटले, "लाल झालं जी! लाल झालं!"

*

काका मूळचे भंडाऱ्याचे. बाकी स्वभावाने गरीब, पण ट्यूब बर्फाबाहेर दिसली की सुटलेच! "बर्फ! बर्फ!" साठे मॅडमनासुद्धा सोडत नाहीत.

एकदा कोल्हापूरच्या लॅबला पार्सल एसटीने पाठवायचं होतं. काका डबा घेऊन स्वारगेटला निघाले आणि ट्रॅफिकमध्ये अडकले. मे महिना. बर्फाचं पाणी झालं. दुसरा कोणी असता तर मला फोन करून मोकळा झाला असता. काका उतरले, रसवंतीवाल्याकडून बर्फ मागून घेतला, डबा भरला आणि पार्सल गाडीत चढवलं.

दोन दिवसांनी कोल्हापूरहून मेल आला: 'प्रोटीन उत्तम आहे. फक्त डब्याला आलं-लिंबाचा वास का येतोय?'

*

हा माणूस एवढा का जपतो, ते मला गेल्या डिसेंबरात कळलं. त्यांची मुलगी सुजाता, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. तिला सिकल सेल आहे, हिमोग्लोबिनमधल्याच एका जन्मजात चुकीचा आजार. थंडी पडली की हाडं अशी दुखतात की पोर उशीत तोंड खुपसून पडते. चार दिवस हॉस्पिटलमध्ये काढून काका कामावर आले आणि लेबलं चिकटवता चिकटवता मला विचारायला लागले, "मॅडम, हे पोटातलं लाल सुजाताले होतं का जी?"

"होतं की. सगळ्यांनाच असतं. तिच्या आजाराची चूक यात नसतेच."

"म्हणजे तवा ती चांगली होती?"

"हो, काका."

"मंग बंद काहून झालं जी?"

बारा वर्षं मी याच प्रोटीनवर काम करतेय. नावापुढे पीएचडी आहे. मी म्हटलं, "ते पुन्हा चालू करता येईल का, तेच लोक शोधताहेत."

"किती दिवस लागतीन?"

"माहीत नाही, काका."

त्यांनी मान हलवली आणि पुढचं लेबल उचललं. मला इतकं वाटलं, इतकं वाटलं, की समोरची एक ट्यूब त्यांच्या हातात द्यावी आणि म्हणावं, न्या घरी. पण तसं होत नाही ना!

*

गेल्या महिन्यात काका जेवणाचा डबा घरी विसरले. सुजाता तो द्यायला आली. काकांना कोण आनंद! हात धुतले, ग्लोव्हज चढवले, तिलाही दिले, आणि बर्फातून एक ट्यूब काढून तिच्या हातात ठेवली. "हे पाह्य. आपलं लाल."

तिने ट्यूब उजेडात फिरवून बघितली. मग लेबल वाचलं, हळूहळू, मराठी करत. "फक्त संशोधनासाठी. माणसांत वापरण्यासाठी नाही."

आणि हसली.

"बाबा, लेबल चुकलंय तुमचं. मी वापरलंय की हे!"

काकांनी ट्यूब तिच्याकडून परत घेतली आणि हातातच धरून ठेवली. बर्फाचा डबा शेजारीच होता. शेवटी ऋतुजाच हळूच म्हणाली, "काका, बर्फ."